‘भट्टी’ कधीच का वाजत नाही

आमच्या भाऊजींचे हात सगळ्यात वेगवान आहेत, असं एकदा मासिकात छापून आलं होतं. तेव्हा ते ऐन पंचविशीत होते आणि माझ्या ताईशी त्यांचं लग्न नुकतंच झालं होतं. आता साठी उलटली आहे, आणि त्याच हातांनी ते दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवतात.

दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन भाऊजींकडे पाठवतात. भाऊजी प्लास्टरचा साचा ओततात, त्यावर मेणात दात बसवतात, मग घासतात, पुसतात, खिडकीशी धरून बघतात, परत घासतात. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं हे दुकान आहे. सगळीकडे पांढरी धूळ, टेबलावर रांगेत हसणारी तोंडं, आणि त्यांच्यामध्ये आमचे भाऊजी मान खाली घालून बसलेले. माणूस इतका मऊ, की कवळी तयार झाली की तिला आधी म्हणतात, “हस बघू.” घरात माशी शिरली तर मारत नाहीत, खिडकी उघडून तिची समजूत घालतात. ताई म्हणते, माझ्या नवऱ्याने आयुष्यात आवाज चढवला नाही, जो काही चढवला तो ड्रमवर.

तर हे ड्रमवाले. चार जणांचा मेटल बँड, वय विचारू नये असा. गिटारवाला शाळेत भूगोल शिकवतो, गायक पाण्याचे मीटर तपासत फिरतो, बेसवाला क्रेन चालवतो. चौघांचे मिळून केस मोजायला बसलं तर चहा व्हायच्या आत मोजून होतील. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. काळे कपडे घालून वर्षातून पाच-सहा वेळा स्टेजवर चढतात आणि असा काही गोंधळ घालतात, की दारावरच्या पाट्या हलतात.

मी त्यांच्या कार्यक्रमात टी-शर्ट विकते. माझं स्वतःचं कपडे उसवून-शिवून देण्याचं दुकान आहे, त्यामुळे माप माझ्या डोळ्यांत असतं. समोर माणूस आला की सांगते, तुम्हाला लार्ज होणार नाही, उगाच पोट आत घेऊ नका. कानात कापूस घालून बसते. ते संगीत मला आजवर कळलेलं नाही आणि कळावं अशी इच्छाही नाही. मी जाते ती ताई-भाऊजींसाठी. माझा संसार पोर पाच वर्षांची असतानाच मोडला, आणि त्यानंतर त्या दोघांनी माझ्यासाठी जे केलं त्यापुढे टी-शर्ट विकणं म्हणजे काहीच नाही.

टेबलापाशी बसलं की ह्या बँडचे भक्त कळतात. नेहमीचे येणारे, डोकी पांढरी झालेली, शर्ट दर दोन वर्षांनी एक माप वर चढणारे. ह्यांना गाजलेल्या गाण्यांत काडीचा रस नाही. ती तर वाजणारच. ह्यांचा सगळा जीव अडकलेला असतो न वाजणाऱ्या गाण्यांत. आज ‘गंजलेली घंटा’ वाजवतील का? वाजवणार नाहीत, कारण गायकाला तिसरं कडवं आठवत नाही. मग ‘सातवा खिळा’? छे, त्याला शेवटी जी किंकाळी आहे ती मारली तर गायकाला आठवडाभर मीटरचे आकडे खुणेने सांगावे लागतात. ‘उलटी विहीर’ फार लांब आहे, बेसवाल्याला मध्येच बाहेर जावं लागतं. असं सगळं त्यांना पाठ. भांडतात, पैजा लावतात, एकमेकांचं बोलणं तोडतात. आणि शेवटी कुणीतरी खालच्या आवाजात म्हणतं, “ते जाऊ द्या. ‘भट्टी’ कधीच का वाजवत नाहीत?”

मग सगळे उगाच शर्टांच्या घड्या उलगडून बघायला लागतात.

‘भट्टी’ म्हणजे तेच गाणं, ज्यावरून मासिकात ते छापून आलं. पहिल्या रेकॉर्डवरचं. त्यात ड्रम इतका वेगात वाजतो, की पोरं अजूनही एकमेकांना ऐकवून विचारतात, हा माणूस आहे की काय आहे. आणि हे गाणं ह्या लोकांनी स्टेजवर एकदाही वाजवलेलं नाही. दर वेळी काहीतरी निघतं. अँप्लिफायर तापला, वेळ संपली, गायकाचा घसा. मला वाटायचं, असेल काही कारण, कलाकार माणसं लहरी असतात.

बँडची एक रीत आहे. दरवर्षी बँडच्या वाढदिवसाचा मोठा कार्यक्रम असतो, त्याच्या आधीच्या एका छोट्या कार्यक्रमात माझ्या टेबलावर डबा ठेवतात. लोकांनी त्यात एका न वाजणाऱ्या गाण्याचं नाव टाकायचं, आणि ज्याला जास्त मतं ते मोठ्या कार्यक्रमात वाजवायचंच. डबा दर वेळी गिटारवाला घरी नेतो, स्वतः मोजतो आणि निकाल सांगतो. यंदा त्याची पाठ धरली. नकाशाची गुंडाळी उचलताना धरली म्हणे, भूगोलाच्या मास्तरला शोभेल असंच दुखणं. तो स्टेजवरून थेट गाडीत आडवा झाला, आणि डबा माझ्याकडे राहिला.

मी म्हटलं, बिचाऱ्याला कशाला त्रास. तिथेच टेबलावर डबा उपडा केला, दोन नेहमीच्या भक्तांना मदतीला घेतलं, आणि मोजून टाकलं. ‘भट्टी’. दुसरं गाणं जवळपाससुद्धा नव्हतं. शेजारी फळा होता, त्यावर खडूने ठळक अक्षरांत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. भक्तांनी फळ्याचे फोटो काढले आणि मी हॉलची चावी परत देईपर्यंत ते फोटो कुठल्या कुठे पोहोचले होते. मला आपलं वाटलं, आपण केवढं मोठं काम केलं.

दुसऱ्या दिवशी ताईच्या स्वयंपाकघरात चौघे बसले होते. मी हसत आत गेले आणि कुणी हसलं नाही. गायक टेबलावरच्या डागाकडे बघत होता. पाठ धरलेला गिटारवाला भिंतीला टेकून उभा होता, तो मला म्हणाला, “तुला कुणी मोजायला सांगितलं होतं?”

“मग काय डबा उबवत बसायचा होता?” मी म्हटलं.

भाऊजी म्हणाले, “तिला कशाला बोलतोस. मतं लोकांनी दिली आहेत. वाजवू.” एवढं बोलून ते उठले आणि मागच्या खोलीत जाऊन घासायला लागले. ताईने सगळ्यांपुढे चहा ठेवला आणि कुणालाही साखर विचारली नाही. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की इथे काहीतरी शिजतंय आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

त्या दिवसापासून भाऊजींनी जे आरंभलं ते बघवेना. काम संपलं की टायरच्या गोदामामागे त्यांची सरावाची खोली आहे, तिथे जायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे ते उजवं मनगट डाव्या हातात धरून. ताई गरम पाण्याची पिशवी तयार ठेवायची. ती काही विचारायची नाही, ते काही सांगायचे नाहीत. मनगट सुजलं. घास डाव्या हाताने घेऊ लागले. मग एक दिवस कवळी परत आली. एका निवृत्त बाईंची कवळी, बोलताना टक्टक् वाजायची, वरचा दात खालच्या दातावर बसत नव्हता. इतक्या वर्षांत भाऊजींकडे कवळी कधी परत आली नव्हती. त्यांनी ती खिडकीशी धरली, बराच वेळ बघितली आणि मेण तापवायला ठेवलं. चमचा हातातून निसटला.

ताईने मला दुकानात गाठलं. माझ्या मशीनपाशी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, “तू विचार त्यांना. मी विचारलं तर ते माझी समजूत घालतील. तुला खरं सांगतील. तू भांडतेस ना.”

मी गेले आणि भांडले. म्हटलं, “भाऊजी, एका गाण्यासाठी हात घालवणार आहात का? मनगट गेलं तर ड्रमही गेला आणि दातही गेले. ह्या वयात हा कसला हट्ट?”

भाऊजींनी हातातला साचा खाली ठेवला. म्हणाले, “बस. सांगतो. पण ओरडू नकोस.”

गोष्ट अशी होती. पहिली रेकॉर्ड करायला चौघे गेले, तेव्हा एका बाजूला जेवढी गाणी मावतात त्यापेक्षा ह्यांची गाणी लांब भरली. रेकॉर्ड करणारा म्हणाला, ‘उलटी विहीर’ तरी कापा, नाहीतर ‘भट्टी’ तरी. गिटारवाला रडकुंडीला आला. मग त्या माणसाने एक युक्ती केली. ‘भट्टी’ची टेप यंत्रावर जोरात फिरवली आणि तशीच उतरवून घेतली. गाणं आखूड झालं, बाजू भरली, काम झालं. गायकाचा आवाज त्यात उंदरासारखा बारीक झाला होता, पण तेव्हा ते सगळ्यांना झकास वाटलं. चौघे हसत घरी आले. कुणी विचार केला नव्हता की हे कुणी इतकं लक्ष देऊन ऐकेल.

“मग ते मासिक आलं,” भाऊजी म्हणाले. “त्यात लिहिलं होतं, असे हात कुणी पाहिले नाहीत. तुझ्या ताईने ते पान कापून तुमच्या आईला दाखवलं. जावई कोण तर ढोल बडवणारा, म्हणून सासूबाई नाराज होत्या ना. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, जेवलास का. आता मी काय सांगणार होतो?”

मी हसले. ते हसले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ झाकून धरायला किती बळ लागतं ते धरणाऱ्यालाच ठाऊक. ‘भट्टी’ वाजवली असती तर पहिल्या मिनिटात सगळ्यांना कळलं असतं. म्हणून वाजवली नाही, आणि म्हणूनच डबा दर वेळी गिटारवाला घरी नेऊन मोजायचा. त्यांचा हात त्या वेगाला पंचविशीतही पोहोचत नव्हता, आता साठीत काय पोहोचणार?

“मग सांगून टाका की लोकांना,” मी म्हटलं. “कोण तुम्हाला फासावर चढवतंय?”

“लोकांचं काही नाही गं,” ते म्हणाले. “लोक दोन दिवस बोलतील. पण चिमणीला काय सांगू?”

आणि मग मी ओरडलेच.

चिमणी म्हणजे माझी मुलगी. आता तेवीस वर्षांची आहे, पार्सलच्या कचेरीत खोकी उचलते आणि अंगाने माझ्या दुप्पट आहे, पण लहानपणी चिमणीएवढी होती म्हणून नाव पडलं ते पडलं. शाळा सुटली की ती ताईकडे जायची, मी दुकान बंद करून तिला न्यायला जायचे. भाऊजी कवळ्या घासता घासता तिला ड्रमची काडी धरायला शिकवायचे. प्लास्टर कालवायची रबरी भांडी असतात ना, मऊ, वाटीसारखी, ती टेबलावर उलटी मांडली की ड्रम तयार. आवाज होत नाही आणि काडी छान उसळते. दहा वर्षांची असताना तिने ‘भट्टी’ ऐकली आणि म्हणाली, काका, मला हे शिकवा. भाऊजी म्हणाले, आधी हात तयार होऊ दे. पुढल्या वर्षी परत तेच. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. मग तिने विचारणं सोडलं आणि स्वतःच सुरू केलं. घरी रबराच्या तुकड्यावर रोज, कानात ते गाणं लावून. वरच्या मजल्यावरचे तक्रार करून थकले. मी कितीदा म्हटलं असेल, अगं जरा बाहेर जा, माणसांत मिसळ. तर म्हणायची, काकांना येतं ना, मग मला यायलाच हवं.

“तेरा वर्षं,” मी भाऊजींना म्हटलं. “पोर तेरा वर्षं एका यंत्राच्या मागे धावतेय. तुम्ही रोज बघत होतात. एकदा तोंड उघडता आलं नाही?”

“नाही आलं,” ते म्हणाले. “ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते ना, तसं माझ्याकडे कुणी बघितलेलं नाही. ती नजर जाईल म्हणून नाही आलं. हात मोडला तर मोडू दे, पण एकदा तरी तिच्यासमोर खरं वाजवून दाखवावं, असं वाटलं.”

मला त्यांचा इतका राग आला होता, आणि तेवढीच त्यांच्या सुजलेल्या मनगटाची कीव आली. मी पिशवी उचलली आणि म्हटलं, “रविवारी मी तिला घेऊन येते. तुम्ही सांगणार. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन, आणि मी सांगितलेलं तुम्हाला आवडणार नाही.”

रविवारी सकाळी चिमणी माझ्याबरोबर आली. तिला वाटलं, काकांचं मनगट बघायला आलोय. ताई दारात उभी राहिली, आत आली नाही. भाऊजींनी हात धुतले, पुसले, परत धुतले. मग खाली बघत सगळं सांगितलं. रेकॉर्डची बाजू, टेप, मासिक, सगळं. काही लपवलं नाही. मी मुलीच्या तोंडाकडे बघत होते. चिमणीने टेबलावरची एक कवळी उचलली होती, ती तिने जपून खाली ठेवली.

“मला माहीत आहे, काका,” ती म्हणाली.

भाऊजींनी वर बघितलं.

“कॉलेजात होते तेव्हाच कळलं. शिकायचं म्हणजे गाणं सावकाश लावून ऐकावं लागतं ना. मी वेग कमी करत करत आणला, आवाजही खाली येऊ दिला. आणि एका ठिकाणी गायककाका अचानक गायककाकांसारखे वाटायला लागले. आधी उंदरासारखे होते. गिटार पण बाकीच्या गाण्यांच्या सुराला आली. मग काय, कळलंच.”

“आणि मला बोलली नाहीस?” मी म्हटलं.

“तुला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं असतं, आई.”

भाऊजी म्हणाले, “मग पुढे कशाला वाजवत राहिलीस? खोटं आहे हे कळल्यावर?”

चिमणी जरा लाजली. तिला भावना बोलून दाखवता येत नाहीत, खोकी उचलता येतात. खिडकीकडे बघत म्हणाली, “कधीतरी कुणीतरी तुम्हाला खोटारडे म्हणणार होतं. म्हणणार होतं, असं माणसाला वाजवताच येत नाही. मग म्हटलं, आपल्या घरातल्या एकाला जरी आलं, तरी तसं कुणाला म्हणता येणार नाही.”

ताई दारातून आत आली आणि पदराने डोळे न पुसता तशीच उभी राहिली. भाऊजींनी चार रबरी भांडी टेबलावर उलटी मांडली. कवळ्या बाजूला सारल्या. काड्या तिच्या पुढ्यात ठेवल्या.

मला संगीत कळत नाही हे मी सांगितलंच आहे. पण शिवणयंत्र कळतं. चांगलं यंत्र पूर्ण वेगात चालतं तेव्हा सुईचे टाके वेगळे ऐकू येत नाहीत, एकच धागा ऐकू येतो. तसं झालं. खांदे हलत नव्हते, तोंड अगदी शांत होतं, फक्त मनगटं. पांढरी धूळ टेबलावरून उडून तिच्या केसांत बसत होती. भाऊजी आधी तिच्या हातांकडे बघत होते, मग डोळे मिटून ऐकायला लागले, आणि मध्येच एकदम हसले.

ती थांबल्यावर म्हणाले, “दुसऱ्या कडव्याआधी एक घाव उशिरा पडतो. तो माझा चुकलेला होता. रेकॉर्ड करताना काडी घामाने सटकली होती.”

“मला काय माहीत?” चिमणी म्हणाली. “मी तुमचंच शिकले.”

तेव्हा ते रडले. कवळ्यांच्या त्या रांगेपुढे, पांढऱ्या धुळीत, तोंड न झाकता रडले, आणि आम्ही त्यांना रडू दिलं.

आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात बँडचे बाकीचे तिघे आले, त्यांना चिमणीचं सगळं कळलं. गिटारवाल्याचा चेहरा उजळला. वर्गात अवघड प्रश्नाचं उत्तर मिळाल्यासारखा म्हणाला, “मग प्रश्नच मिटला. पोरीलाच बसवू. अंधारात बदलून टाकू, कुणाला कळणारही नाही.”

“मी नाही बसणार,” चिमणी म्हणाली. “परत तेच करायचंय का? गाणं काकांचं आहे. त्यांनी जसं वाजवलं होतं तसं वाजवू दे. मलाही ते तसं ऐकायचंय. समोर वाजताना मी कधी ऐकलेलंच नाही.”

गायक हळूच म्हणाला, “खरं सांगू का, मलाही माझ्या आवाजात गायचंय एकदा.” असं म्हणून तो कपात बघत बसला.

वाढदिवसाच्या कार्यक्रमाला हॉल तुडुंब भरला. माझा फळा अजूनही लोकांच्या फोनमध्ये फिरत होता. टेबलापाशी रांग होती आणि चिमणी माझ्या मदतीला होती, मापं चुकवत होती, सुटे चुकवत होती. भाऊजींचं मनगट उतरलं होतं, पट्टी तेवढी होती. ताई पहिल्यांदाच आत, भिंतीशी खुर्ची टाकून बसली होती. एरवी ती बाहेर थांबते.

सगळी गाजलेली गाणी झाली. मग स्टेजवरचे दिवे उजळले आणि भाऊजी ड्रमच्या मागून उठून पुढे आले. इतक्या वर्षांत लोकांनी त्यांना उभं राहिलेलं क्वचितच पाहिलं होतं. आमचे भाऊजी बुटके आहेत, हे निम्म्या हॉलला त्या दिवशी कळलं. मी कानातला कापूस काढला. त्यांनी माइक हातात घेतला आणि कवळी देताना डॉक्टरांना सांगतात तितक्याच साध्या आवाजात सांगितलं, की ‘भट्टी’ टेप जोरात फिरवून बनवलेली आहे, तो वेग त्यांचा नाही, कधीच नव्हता, आणि हे सांगायला त्यांना फार उशीर झाला.

माझ्या टेबलापाशी उभा असलेला एक भक्त, ज्याला मी पाच मापांतून जाताना पाहिलंय, त्याने हातातला शर्ट टेबलावर ठेवला आणि मान हलवत दाराकडे गेला. त्याच्या मागे अजून दोघे-तिघे गेले. मागून कुणीतरी शीळ मारली, ती चांगली शीळ नव्हती. मला वाटलं, मीच ह्या माणसाला इथे आणून उभं केलं.

भाऊजी थांबले नाहीत. म्हणाले, “आता आम्ही ते वाजवतो. आमच्या वेगात.”

आणि वाजवलं. ते गाणं रेकॉर्डवर घाईघाईने पळत जातं, इथे ते चालत आलं. जड होतं. गायकाचे शब्द पहिल्यांदा कळले. एका कामगाराचं गाणं निघालं, जो भट्टीपाशी उभा राहून घरच्यांची वाट बघतो. एवढी वर्षं लोक हे गाणं डोकं आपटत ऐकत होते आणि ते मुळात वाट बघण्याचं गाणं होतं. दाराकडे गेलेला तो भक्त दारातच थांबला होता, पाठ आमच्याकडे करून. तो ऐकत होता. शेवटपर्यंत वळला नाही, पण गेलाही नाही. गाणं संपलं तेव्हा जो आवाज झाला त्याने टेबलावरचे शर्ट घसरून खाली पडले.

भाऊजी परत पुढे आले. घाम पुसला. माइक तोंडाच्या फार जवळ धरला, त्यामुळे श्वास सगळ्या हॉलला ऐकू येत होता.

“एक राहिलं,” ते म्हणाले. “रेकॉर्डवर जो वेग आहे, त्या वेगात हे वाजवणारं माणूस आहे. यंत्र नाही, माणूस आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या मासिकात जे माझ्याबद्दल लिहिलं होतं, ते तिचं आहे. ती तिथे मागे टी-शर्ट विकतेय.” त्यांनी पट्टी बांधलेल्या हाताने आमच्याकडे दाखवलं. “ती माझी मुलगी आहे.”

भाऊजी तिची ओळख आजवर ‘आमच्या मेहुणीची मुलगी’ अशीच करून द्यायचे. फार जपून बोलणारा माणूस, दुसऱ्याच्या लेकरावर हक्क सांगू नये एवढं त्यांना कळतं. तिला शाळेत सोडलं, तापात उशाशी बसले, काडी धरायला शिकवलं, पण तो शब्द कधी उच्चारला नाही. मला वाटतं, माझ्या परवानगीची वाट बघत असावेत, आणि मला वेडीला कधी सुचलंच नाही.

सगळा हॉल वळून आमच्याकडे बघत होता. चिमणी खाली पडलेले शर्ट गोळा करायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकली होती आणि वर यायला तयार नव्हती. मी वाकून बघितलं तर शर्टात तोंड खुपसून रडत होती.

“ऊठ,” मी तिला म्हटलं. “तुझे बाबा बोलावतायत.”